बेरजेचं झाड

सर, तुम्ही खेकड्याचा बाप बदललात आणि वर पेढे वाटलेत!

हे वाक्य मच्छिंद्र रणपिसेनं ज्या दिवशी बोलायला पाहिजे होतं, त्या दिवशी तो जीभ दाताखाली धरून बसला. पुढं बोलला, पण तोवर वाक्य विटलं होतं. खऱ्यालाही भाकरीसारखी वेळ असते. शिळं खरं कुणी तोंडात घेत नाही. ते शिळं कुणी केलं, त्याची ही गोष्ट आहे. यात कुणाची बाजू राखायची नाही. सरांची तर नाहीच, पण मच्छिंद्रचीही नाही.

साल सत्त्याहत्तर. शिरूरला घोडनदीच्या अंगाला एक कॉलेज होतं. नाव घ्यावं एवढं मोठं ते नव्हतं. त्यातला प्राणिशास्त्र विभाग म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत बरण्या, दुसऱ्या खोलीत सर. सर विभागप्रमुख, पुण्याहून आलेले, शनिवारी दुपारी पुण्याला पळणारे. त्यांच्या हाताखाली दोन हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होते, बाळासो आणि मच्छिंद्र. जूनमध्ये लेक्चररची एक जागा कायमची भरायची होती. एकच. कागदावर ती कमिटी भरणार होती, पण कमिटीच्या तोंडात शब्द सर घालणार, हे कॉलेजच्या शिपायालाही ठाऊक होतं. ती जागा मिळाली तर मच्छिंद्र माणसात येणार होता. नाही मिळाली तर पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा हंगामी, पुन्हा सुट्टीत घरी बसून बायकोच्या तोंडाकडं बघणं.

दोघंही शिरूरजवळच्या न्हावऱ्याचे. बाळासो मळ्यातला, मच्छिंद्र बौद्धवस्तीतला. शाळा एक, वर्ग एक. मच्छिंद्रचा बाप म्हाळू हा बाळासोच्या मळ्यात कांदा काढायला जायचा. शाळेत पहिला नंबर मच्छिंद्रचा यायचा आणि दुसरा बाळासोचा, पण गावात पेढे वाटले जायचे ते दुसऱ्या नंबराचे. तेव्हापासून जो निखारा मच्छिंद्रच्या उरात पडला तो विझलाच नाही. वर राख साचायची एवढंच.

बाळासो वाईट असता तर किती बरं झालं असतं! वाईट माणसाचा द्वेष करायला सोपं जातं, वर पुण्य लागल्यासारखंही वाटतं. पण हा गडी मनानं उघडा. डबा उघडला की पहिली भाकरी मोडून मच्छिंद्रपुढं. पहिल्या दिवसापासून ‘मच्छू’ आणि ‘तू’. मच्छिंद्रच्या तोंडून मात्र ‘तुम्ही’च निघायचं आणि निघाल्यावर स्वतःचीच चीड यायची. त्याला बाळासोची राजदूत मोटारसायकल खुपायची. त्याचं मोत्यासारखं अक्षर खुपायचं. चहा आला की शिपाई ज्योतिबा बाळासोपुढं कपबशी ठेवायचा आणि मच्छिंद्रपुढं नुसता कप. बशी विसरायचा म्हणे. जो रोज विसरतो तो विसरभोळा नसतो. मग बाळासो काय करायचा, तर स्वतःची बशी मच्छिंद्रकडं सरकवायचा. मच्छिंद्रला नुसत्या कपाचा यायचा त्याहून जास्त राग त्या सरकवलेल्या बशीचा यायचा.

त्या वर्षी सरांना झाडाचं वेड लागलं होतं. आंब्याच्या नव्हे, वंशाच्या. कुठला जीव कुठल्या जिवापासून फुटला, कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, हे फांद्या काढून दाखवायचं. लाखो वर्षांमागचा बाप कुणी पाहिलेला नसतो. आज जे जिवंत आहेत त्यांची अंगं मोजायची आणि त्यावरून मागचा बाप हुडकायचा. सरांनी त्यासाठी खेकडा धरला. एक शिरूरचा, घोडनदीतला. एक केंदूरच्या ओढ्यातला. एक पार भीमेच्या अंगाचा, दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या पाटातला. या तिघांत सख्खे दोघे कोण, एवढाच सवाल.

सरांची रीत बेरजेची. खेकड्याच्या अंगाची चाळीसेक लक्षणं घ्यायची. पाठीची रुंदी, डोळ्यांतलं अंतर, पायांची लांबी, नांगीचा आकार, नांगीचा रंग, नांगीचे दात. सगळ्यांना सारखं माप. मग कुणाचं कुणाशी किती जुळतं ते बघायचं. ज्यांचं जास्त जुळतं ते सख्खे. त्यांना आधी एका फांदीला बांधायचं, उरलेल्याला खाली लटकवायचं. पुण्यात कॉम्प्युटर आला होता. भोकं पाडलेली कार्डं त्याला चारली की तो झाड ओकायचा. सरांना वाटायचं, यंत्रानं सांगितलं म्हणजे देवानं सांगितलं.

मच्छिंद्रनं पुण्याच्या एका ग्रंथालयात उभ्यानं एक जाडं पुस्तक वाचलं होतं. इंग्रजी निम्मं कळलं, पण जे कळलं ते हाडात गेलं. त्यानं एकदा धीर करून सरांना सांगितलं होतं.

“सर, सगळ्या सारखेपणाची बेरीज नको करायला. पालीला पाच बोटं, माणसाला पाच बोटं, घोड्याला एक खूर. म्हणून माणूस पालीचा भाऊ आणि घोडा परका होतो का? पाच बोटं ही जुनी मिळकत. ती सगळ्यांच्या खापरपणज्याकडनं आली. घोड्यानं ती घालवली एवढंच. नातं बघायचं तर दोघांतच असलेली नवी खूण बघायची, मागच्या कुणात नव्हती अशी. आई अंगावर पाजते ही खूण माणसात हाय, घोड्यात हाय, पालीत न्हाई.”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“रणपिसे, पुस्तकं कमी वाचा. बरण्या धुवायच्या राहिल्यात.”

आणि कामाची वाटणी झाली. मोजणार बाळासो, कार्डं भरणार बाळासो, झाड काढणार बाळासो, दौंडला होणाऱ्या चर्चासत्रात उभा राहून वाचणार बाळासो. “रणपिसे, तुम्ही रानातले. पकडून आणायचं काम तुमचं.” बाळासो काय शनिवारवाड्यात जन्मला होता? तोही रानातलाच. पण त्याचं रान म्हणजे मळा आणि मच्छिंद्रचं रान म्हणजे रान.

केंदूर ही मच्छिंद्रची सासुरवाडी. सासू पार्वतीबाई वस्तीतली खमकी बाई. तिनं बायका जमवल्या, ओढ्याच्या कडेला हात घालून खेकडे काढले आणि जावयाच्या पाटीत टाकले.

“घ्या पाव्हणं,” शेजारची सरूबाई म्हणाली, “हुंड्यात राहिलं हुतं, आता घेऊन जावा.”

“मामी, ह्यास्नी बरणीत घालायचंय. कॉलेजात.”

“बरणीत? लोणचं घालता का काय खेकड्याचं?” पार्वतीबाई म्हणाली. “आवं, कालवण करून खावा की मुकाट. आमी अख्खा खेकडा कुनाला देत न्हाई. जावई हाय म्हून दिला.”

हे तिनं थट्टेत म्हटलं, पण खरं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या बायकांनी तिथं एक कायदा केला होता. खेकडा मारायचा नाही. त्याची मोठी नांगी तेवढी मोडून घ्यायची आणि खेकडा परत बिळात सोडायचा. भाकरीला कोरड्यास नांगीचं करायचं. नांगी पुन्हा फुटते, खेकडा जगतो, पुढल्या खेपेला परत कालवण. खेकडं संपलं तर पोरांनी खायचं काय? दुष्काळ गेला, पाऊस आला, धान्य आलं, पण ओढ्याचा कायदा राहिला. एखादं पोर अख्खा खेकडा घेऊन घरी आलं तर पार्वतीबाई त्याचा कान पिळायची.

म्हणून केंदूरच्या ओढ्यात जाणत्या खेकड्याची मोठी नांगी मोठी नसायची. मोडलेल्या जागी नवी फुटलेली असायची, बारकी, फिकट, गुळगुळीत, दात नसलेली. दोन्ही नांग्या सारख्याच दिसायच्या. पिल्लांची मात्र एक नांगी मोठी, जशी घोडनदीच्या खेकड्याची असते तशीच. पण सरांनी पिल्लं नको म्हणून बजावलं होतं. मोजायला मोठेच लागतात.

हे सांगायचंच, असं ठरवून मच्छिंद्र एसटीनं शिरूरला आला. पाटी प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली. बाळासोनं एकेक खेकडा ट्रेमध्ये मांडला आणि एकदम ओरडला, “आयला! सर, हिकडं या! दोन्ही नांग्या सारख्या!”

सर आले. खुटबावच्या खेकड्याची बरणी काढली. त्याच्याही दोन्ही नांग्या बारक्या, फिकट, गुळगुळीत. त्या मात्र जन्मतःच्या. सरांचा चेहरा उजळला. केंदूर कुठं, खुटबाव कुठं, मध्ये केवढा मुलूख! आणि खेकडे सख्खे! म्हणजे कधीकाळी भीमेचं पाणी इकडून वाहत असणार. नदीनं वाट बदलली आणि भाऊ दुरावले. हा तर शोध!

मच्छिंद्रनं तोंड उघडलं. “सर, त्या नांग्या—”

“रणपिसे, मधे बोलू नका. बघा आणि शिका. नजर लागते. बाळासाहेबांसारखी नजर लागते.”

बस. तेवढ्या एका शब्दानं मच्छिंद्रची तळपायाची आग मस्तकात गेली. ओढ्यात गुडघाभर चिखलात हात घातले त्यानं, खेकड्यानं बोट फोडलं त्याचं, आणि नजर बाळासाहेबांची! सरांनी ज्योतिबाला पेढे आणायला पिटाळलं. पेढा मच्छिंद्रलाही मिळाला. त्यानं तो खाल्ला. पेढा गिळताना वाक्यही गिळलं, आणि पहिल्यांदाच त्याला आतून गोड गोड वाटलं. बांधा, म्हणाला मनात, बांधा माडी. पाया नाही हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

त्यानं गुपचूप आपलं झाडही काढून बघितलं होतं. नर खेकड्याच्या पोटाची घडी उचलली की खाली दोन बारीक काड्यांसारखे अवयव असतात. त्यांच्या टोकाला घोडनदीच्या खेकड्यात एक उलटा पीळ होता. केंदूरच्यात तोच पीळ. खुटबावच्यात नाही. कोकणातून आणलेल्या बरणीतल्या खेकड्यात नाही, दुसऱ्या कुठल्यातच नाही. ही नवी खूण, दोघांतच. केंदूरचा खेकडा घोडनदीचा सख्खा, हे दिवसासारखं लख्ख होतं. बाळासोनंही तो पीळ मोजला होता, पण चाळिसात एक म्हणून. आणि त्या एका मोडलेल्या नांगीची लांबी वेगळी मोजली, रुंदी वेगळी, रंग वेगळा, दात वेगळे, धार वेगळी. एकाच माणसानं बोटाची शाई पुसून रांगेत पुन्हा पुन्हा उभं राहावं आणि दरवेळी मत टाकावं, तशातली गत. नुकतीच निवडणूक झाली होती. मतदानानं सरकार बदलतं हे मच्छिंद्रनंही पाहिलं होतं. पण मतदानानं भाऊ बदलत नाही.

अंजना धुणं वाळत घालत होती तेव्हा त्यानं तिला सांगितलं. ती केंदूरचीच लेक. पहिल्यांदा तर हसून हसून तिचा पदर खाली पडला.

“म्हंजी आमच्या आईनं मोडलेल्या नांगीवर ह्यांनी भीमा नदी फिरवली? आई गं! आईला सांगते, म्हनावं तू नदी वळवलीस!” मग हसणं थांबलं. “अवो, मग सांगितलं का न्हाई?”

“सांगनार.”

“कवा?”

“दौंडला. भर सभेत. पुन्याचा परीक्षक असल, कमिटी असल. तवा उभा राहनार.”

“आन् बाळासोभावजींना आधी न्हाई सांगायचं? चांगला मानूस हाय तो. आपल्या पोराच्या बारशाला आला, मांडी घालून जेवला.”

झालं. ‘चांगला मानूस’ हे दोन शब्द मच्छिंद्रला स्वतःच्या घरातही सुटेनात. “मांडी घालून जेवला म्हंजी काय उपकार केलं? मी त्यांच्या घरी जेवतो तवा सांगत फिरतीस का कुनाला?”

“तुमाला खेकड्याचं काय बी पडलं न्हाई,” अंजना ओलं लुगडं झटकत म्हणाली. “तुमाला त्याचं नाक कापायचं हाय. ह्याला खरं बोलनं म्हनत न्हाईत. दबा धरनं म्हनत्यात.”

मच्छिंद्र चिडून बाहेर निघून गेला. बायको खरं बोलली की बाप्यामाणूस चप्पल शोधतो.

दौंडच्या चर्चासत्राआधी खुटबावचे आणखी काही खेकडे मोजायचे होते. बाळासो म्हणाला, “चल मच्छू, गाडीवर जाऊ.” राजदूतच्या मागं बसून मच्छिंद्र निघाला. वाटेत बाळासोला ओळखीची माणसं हात करत होती. साखर कारखान्याचा कुणी, सोसायटीचा कुणी, कुणी मामाच्या गावचा. मागच्या सीटवरच्याला कुणी हात करत नाही.

खुटबावला पाटाच्या कडेला उसाच्या सावलीत दोघं बसले. खेकडे पोत्यात सळसळत होते. बाळासो पाण्यात पाय सोडून गप्प होता. तो गप्प बसला की मच्छिंद्रला अवघडल्यासारखं व्हायचं, कारण बोलका बाळासो हेवा करायला सोपा होता.

“मच्छू, एक इचारू? खरं सांगशील?”

“इचारा.”

“मला झोप लागंना झालीय. सर म्हनत्यात नदी वळली, पाणी फिरलं. एवढं मोठं बोलावं का आपन? मी आपला मोजतोय, बेरीज मारतोय. मला त्यातलं काय कळतं? शाळेत तुझ्या वहीत बघून गणितं केली मी.” तो हसला. “तू खेकड्यातला मानूस. ह्यात कुठं खोट दिसतीय का तुला?”

इथं, या पाटाच्या कडेला, सगळं मिटलं असतं. एक वाक्य लागत होतं. बाळासोनं दार सताड उघडून धरलं होतं. पण मच्छिंद्रला दिसलं ते वेगळंच. हे सांगितलं की हा उद्या सरांकडं जाणार, झाड दुरुस्त करणार, आणि दौंडला ते बरोबर झाडही हाच वाचणार. टाळ्या यालाच. मग पुन्हा बशी सरकवणार, म्हणणार, मच्छूनं मदत केली.

“न्हाई,” मच्छिंद्र म्हणाला. “सगळं झ्याक हाय.”

“नक्की?”

“नक्की म्हन्तो ना.”

बाळासोनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. परतताना दौंड स्टेशनजवळ चहा पाजला आणि म्हणाला, “सरांना बोललोय मी. छापताना मच्छूचं बी नाव घाला म्हनून. सर म्हनले, बघू.” मच्छिंद्रनं कप खाली ठेवला. त्याला लाज वाटायला पाहिजे होती. वाटलीही. पण लाजेच्या मागोमाग रागच आला. माझं नाव घालायला याची शिफारस लागते!

चर्चासत्र दौंडला एका शाळेच्या सभागृहात होतं. बाहेर रेल्वेचं शंटिंग चाललेलं, दर थोड्या वेळानं खिडक्या थरथरत होत्या. पहिल्या रांगेत पुण्याचे परीक्षक, शेजारी कमिटीची माणसं, आणि मधोमध सर. बाळासो नवा शर्ट घालून आला होता. त्यानं पाठ केल्यासारखं पण नीट वाचलं. शेवटी भिंतीवर मोठ्या कागदावर काढलेलं झाड टांगलं. केंदूर आणि खुटबाव एका फांदीवर, शिरूरचा घोडनदीवाला खाली एकटा. टाळ्या वाजल्या. कमिटीतला एकजण सरांच्या कानाला लागला आणि दोघं हसले. जागा तिथंच दिली गेली, ते मच्छिंद्रला मागच्या बाकावरूनही दिसलं.

“काही शंका?” सरांनी विचारलं, शंका नसणारच अशा आवाजात.

मच्छिंद्र उठला. किती दिवस घोकलेलं भाषण त्याच्यापाशी तयार होतं, शुद्ध, पुस्तकी. उभा राहिला आणि ते सगळं गळून पडलं. तोंडाला आली ती न्हावऱ्याची भाषा.

“शंका न्हाई. झाड खोटं हाय.”

तो सरळ फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि बोलत सुटला. केंदूरच्या बायकांचा कायदा सांगितला. मोडलेली नांगी कशी फुटते ते सांगितलं. पिल्लांच्या नांग्या बघा म्हणाला. एक मोडणी अनेक लक्षणं म्हणून मोजली म्हणाला. मग पिळाचं सांगितलं, पोटाच्या घडीखालच्या, आणि फळ्यावर त्याचं चित्र काढलं.

“रणपिसे मास्तर खेकड्याचा लंगोट सोडायला लागलं,” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. पुण्याचे परीक्षक मात्र हसले नाहीत. ते पुढं सरकून चित्र बघत होते. ते बघून मच्छिंद्रला चेव आला. त्यानं खडूनं नवं झाड काढलं. केंदूर आणि घोडनदी एका फांदीवर, खुटबाव बाजूला. मग वळून बाळासोकडं पाहिलं. या क्षणासाठी त्यानं महिनेच्या महिने काढले होते. बाळासोचं तोंड उतरलेलं त्याला बघायचं होतं.

तोंड उतरलं होतं. पण बाळासो फळ्याकडं बघतच नव्हता. तो मच्छिंद्रकडं बघत होता.

“मच्छू,” तो हळू म्हणाला, पण पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं, “खुटबावला मी तुला इचारलं हुतं. पाटावर. तवा तू काय म्हनलास?”

मच्छिंद्रनं खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

सरांनी धागा लगेच पकडला. सर तेवढ्यात मात्र तरबेज होते. “थांबा. म्हणजे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, रणपिसे? हे खेकडे आणले कुणी? तुम्हीच ना? मोजमाप चाललं होतं तेव्हा तुम्ही समोर उभे होता. पेढे खाल्लेत. मग तेव्हा का बोलला नाहीत?”

खोटं बोलायला जागा होती. म्हणता आलं असतं, नंतर कळलं, कालच कळलं, सासू काल बोलली. मच्छिंद्रनं ते सगळं मनात चाचपलं आणि टाकून दिलं.

“पहिल्या दिवशी बोलत हुतो. तुमी गप केलंत. म्हनलात, बाळासोसारखी नजर लागते. आन् पाटावर ह्यानं सरळ इचारलं तवा मी खोटं बोललो. जळत हुतो म्हून. लहानपनापास्नं जळतोय मी ह्याच्यावर. व्हय. लपवायचं काय त्यात?”

कमिटीतल्या एकानं जिभेनं चुकचुक केली. सरांनी हात पसरले, बघा म्हणावं तसे, सभेकडं.

“ऐकलंत? स्वतःच कबूल करतायत. मत्सरापोटी सहकाऱ्याला खड्ड्यात ढकलायचा बेत. सवलतीनं माणूस कॉलेजात येतो, पण वृत्ती येत नाही बरोबर. या आक्षेपाची नोंद घेण्याचं काही कारण मला दिसत नाही. संशोधन जसं आहे तसं छापायला जाईल.”

पुण्याच्या परीक्षकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, घड्याळ बघितलं, आणि मिटलं. त्यांना गाडी गाठायची होती.

बाळासो अर्धा उठला. “सर, पन त्या नांग्यांचं खरं असलं तर... एकदा केंदूरला जाऊन पिल्लं बघितली असती—”

“बसा, बाळासाहेब.”

बाळासो उभा होता, ना धड उभा, ना धड बसलेला. त्यानं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा कमिटीकडं, एकदा भिंतीवर टांगलेल्या आपल्या झाडाकडं. आणि बसला. बसायला त्याला खुर्ची होती, याचाही मच्छिंद्रला हेवा वाटला.

सर उठले. त्यांनी कागद गोळा करायला घेतले. लोक उठू लागले, बाकं सरकली, कुणीतरी जेवणाचं विचारू लागलं. मच्छिंद्र फळ्यापुढून हलला नाही.

“सर, थांबा. माझं जळनं लिवून घ्या कुठं लिवायचं तिथं. उद्यापासनं येऊ नको म्हना, येत न्हाई. बाळासोची माफी मी त्याच्या दारात जाऊन मागतो, ते आमचं आमी बघू. पन माझ्या पोटात दुखतंय म्हून केंदूरच्या खेकड्याची मोडलेली नांगी जन्माची हुती का? हेच एखाद्या भल्या मानसानं सांगितलं असतं तर खरं, आन् मी सांगितलं तर खोटं? मी वाईट हाय. मान्य. खेकड्यानं काय केलंय?”

सरांनी पिशवीचा बंद ओढला आणि दाराकडं तोंड केलं. मच्छिंद्र दोन ढांगांत त्यांच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभा राहिला. खडूनं पांढरा झालेला हात त्यानं चौकटीवर ठेवला. मागची माणसं थबकली.

“माझ्याबद्दल लई बोललात. आता खेकड्याबद्दल बोला. केंदूरचा खेकडा कुनाचा सख्खा? घोडनदीचा का खुटबावचा? तुमाला ठाऊक हाय. आत्ता ह्या सगळ्यांसमोर सांगा, सर. उत्तर द्या.”